फॉर्म्युलाचा डबा: पावडर ठीक आहे, पण तो घरात येतो कसा ते बघा

आधीच सांगते, ब्रँडचं नाव लिहिणार नाहीये. एक तर सहा महिन्यांखालच्या बाळांच्या सगळ्या दूध पावडरींना (फॉर्म्युला म्हणजे तीच) एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचे, नियम सारखेच, त्यामुळे आत उन्नीस-बीसचाच फरक. आणि दुसरं म्हणजे नाव घेऊन "मस्त आहे, बिनधास्त घ्या" असं लिहिलं की तो रिव्ह्यू राहत नाही, फुकटातली जाहिरात होते, आणि या एका वस्तूची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने (आयएमएस ॲक्ट) चक्क बंदी आहे. बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं.

रेटिंग एकदाच देऊन टाकते. पावडरीला साडेतीन स्टार. डबा ज्या वाटेने आमच्या घरात आला त्या वाटेला एक, आणि तोही गल्लीतल्या मेडिकलवाल्या काकांमुळे.

पावडरीचं उरकून घेते. गरम पाण्यात पटकन विरघळते, थोड्या गुठळ्या होतात पण चमच्याने ढवळलं की जातात, बाटलीत घालून खसाखसा हलवलं तर फेस येतो आणि मग बाळाच्या पोटात गॅस, म्हणून मी वाटीतच कालवायचे आणि वाटी-चमच्यानेच पाजायचे (सासूबाईंनी माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढलं होतं, दिसायला गोड पण त्याची चोच आतून घासता येत नाही, सो कॅन्सल). वास जरा टॉनिकसारखा. आत लोह असतं त्यामुळे शी कधीकधी हिरवट होते, घाबरू नका. चमचा पावडरीत खाली पुरलेला असतो, तो काढायला हात घालावा लागतो, आता तरी कंपन्यांनी तो झाकणाला अडकवायला काय हरकत आहे कळत नाही. टिनपेक्षा पुठ्ठ्याच्या खोक्यातला रिफिल पॅक स्वस्त पडतो पण आमच्याकडे डोंबिवलीत पावसाळ्यात ती पिशवी दुमडून चिमटा लावला तरी पावडर ओलसर होते, हवाबंद डब्यात पिशवीसकट ठेवा.

एक गोष्ट मात्र सिरीयसली. आमच्या डब्यावर लिहिलंय पाणी उकळा, कोमट करा, मग पावडर घाला. डब्ल्यूएचओ म्हणतं पावडर निर्जंतुक नसते, त्यात क्वचित जंतू असू शकतात, म्हणून उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जायच्या आधी वापरायचं, त्यात पावडर कालवायची आणि मग भांडं गार पाण्यात धरून दूध निववायचं. हे डब्यावर का नाही? आणि जे आहे ते इंग्रजी आणि हिंदीत, बारीक अक्षरात. मराठीची एक ओळ नाही. दीड स्टार इथेच कापला.

आता खर्च. ४०० ग्रॅमचा डबा, एक चमचा साधारण साडेचार ग्रॅमचा, ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा. म्हणजे एका डब्यात ८८-८९ चमचे, म्हणजे जेमतेम अडीच-पावणेतीन लिटर दूध. चार महिन्यांचं बाळ पूर्ण वरच्या दुधावर असेल तर दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पितं. डबा साडेतीन दिवसांत संपतो. साडेचारशे रुपयांचा धरला तरी महिन्याला चार हजारांच्या घरात, आणि "प्रीमियम" वगैरे लिहिलेला असेल तर डबल. माझं थोडं अंगावर, थोडं वरचं असं मिक्स होतं म्हणून भागलं. पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या सुनेला तेव्हाच मुलगा झालेला, तिलाही हॉस्पिटलातून असाच डबा लागलेला, आणि एक दिवस ओट्याशी उभ्या राहून भांडी विसळता विसळता त्या मला अगदी सहज विचारतात, "ताई, चमचा थोडा उणा घातला तर चालतंय का हो? डबा आठवडाभर पुरवायचाय." मी डबा फिरवून त्यांना ती सूचना वाचून दाखवली, चमचे कमी-जास्त करू नका. त्या म्हणाल्या, "ते खरं, पण मग पैसे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पातळ दूध पाजलं की पोट भरल्यासारखं वाटतं, बाळ झोपतं, आणि वजन वाढत नाही. सत्तरच्या दशकात आफ्रिकेतल्या गरीब देशांतून याच गोष्टीच्या तक्रारी आल्या, महागडी पावडर, त्यात अस्वच्छ पाणी, वर पातळ करून पाजणं, आणि १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीवर बहिष्कार सुरू झाला. आपल्याला वाटतं जुनी गोष्ट, पण ती माझ्या ओट्याशी उभी होती.

आता डब्याचा चेहरा. दिसायला अगदीच कोरडा. बाळाचा फोटो नाही, आईचा नाही, कारण कायद्याने दोन्हींना मनाई आहे, "आईच्या दुधासारखं" अशा अर्थाचे शब्दही चालत नाहीत. आणि समोरच ठळक कॅपिटल अक्षरात ते वाक्य, की तुमच्या बाळासाठी आईचं दूध सर्वोत्तम. खरं सांगते, रात्री तीन वाजता एका हातात रडणारं पोर आणि दुसऱ्या हातात तो डबा, तेव्हा ते वाक्य वाचून असा संताप येतो ना! म्हणजे मला माहीत नाही का? मी काय हौसेने पाजतेय? आमच्या बिल्डिंगमधल्या काकू तर ते वाक्य माझ्या तोंडावर वाचून दाखवायच्या. खूप बायकांचा या कायद्यावरचा राग इथूनच येतो, की सरकार आम्हाला टोमणे मारतंय, आमची बॉडी आमचा चॉइस. पण मी तो कायदा बसून वाचला (ऑफिसला जायला लागल्यावर, लोकलमध्ये), आणि त्यात आईसाठी एक कलम नाही. तुम्ही पावडर विकत घ्या, रोज घ्या, कोणी विचारत नाही. मेडिकलवाल्याने विकण्यावर बंदी नाही. बंदी आहे ती कंपनीने जाहिरात करण्यावर, फुकट सँपल आणि गिफ्ट वाटण्यावर, आयांशी थेट संपर्क साधण्यावर, हॉस्पिटलात पोस्टर लावण्यावर, डॉक्टर-नर्सना भेटी देण्यावर, त्यांच्या कॉन्फरन्सचा, सेमिनारचा, रिसर्चचा खर्च उचलण्यावर. सगळा दम विकणाऱ्याला आणि पांढऱ्या कोटवाल्याला दिलाय. ते डब्यावरचं वाक्यसुद्धा कंपनीला स्वतःच्या मालावर, स्वतःच्या खर्चाने छापावं लागतं हीच गंमत आहे. काकूंनी ते मला ऐकवायचं काम नव्हतं.

म्हणून मी डब्याचा आणि वाटेचा रिव्ह्यू वेगळा करतेय.

आमची वाट अशी. सिझर झालं, संध्याकाळी बाळ दिलं, चीक (पहिलं घट्ट दूध) होता थोडा, बाळ चोखत होतं आणि रडत होतं, जशी पहिल्या दिवशी सगळीच बाळं रडतात. नर्सिंग होमचं नाव सोडा. रात्रीची सिस्टर आली, छातीकडे एक नजर टाकली, "दूध उतरलं नाही अजून, बाळ किती वेळ उपाशी ठेवणार?" आणि नवऱ्याच्या हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव, पुढे स्टेज १, म्हणजे सहा महिन्यांखालच्या बाळांचा डबा. बाळाची शुगर तपासली नव्हती, वजन उतरलं नव्हतं, शी-शू व्यवस्थित होती. मला कोणी कुशीवर झोपून कसं पाजायचं ते दाखवलं नव्हतं, टाक्यांमुळे बसता येत नव्हतं. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचा-दीड चमचा चीकसुद्धा पुरतो, हे मला कोणी बोललं नाही. सासूबाई बोलल्या, पण सिझरच्या रूममध्ये सासूबाईंचं कोण ऐकतंय! सगळे त्या सिस्टरचं ऐकतात, आणि कंपन्यांनाही हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

नवरा खाली मेडिकलमध्ये गेला. काकांनी चिठ्ठी बघितली आणि विचारलं, "डॉक्टरांनी बाळ बघून सांगितलंय की सिस्टरनी दिलीय? चीक पाजताय ना? डबा देतो, पण सकाळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फोडू नका, फोडला की परत घेणार नाही." हा जो एक स्टार आहे तो या वाक्याचा. डबा अर्थात रात्रीच फुटला. पण चार दिवसांनी काकांनीच पत्ता दिला म्हणून पालिकेच्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या एक सिस्टर घरी आल्या, उशी मांडीवर ठेवली, बाळाची हनुवटी जरा खाली ओढली, तोंड मोठं उघडल्यावर पटकन छातीला लावलं, आणि म्हणाल्या, "आता गिळताना आवाज येतो का ऐका." येत होता. अर्ध्या तासाचं काम! हे अर्ध्या तासाचं काम नर्सिंग होमच्या पॅकेजमध्ये नव्हतं. फुगे लावून "वेलकम बेबी" डेकोरेशन होतं.

आता कोणी म्हणेल एक डबा दिला तर एवढं काय, बाळाचं पोट भरलं ना. इथेच या वस्तूची खरी भानगड आहे. शाम्पूची पुडी फुकट मिळाली आणि नाही आवडली तर आपण जुन्या शाम्पूवर परत जातो. इथे तसं नाही होत. अंगावरचं दूध मागणीवर चालतं, बाळ जितकं ओढतं तितकं बनतं. पहिल्या दिवसांत वरचं पाजलं की बाळ सुस्त झोपतं, छातीला लागत नाही, दूध कमी बनतं, मग "बघा, हिला दूधच नाही" हे खरं ठरतं, आणि दुसरा डबा येतो, तो विकतचा. म्हणजे सँपलच गरज तयार करतं. अशी वस्तू बाकीच्या वस्तूंसारखी विकू द्यायची का, एवढाच प्रश्न आहे, आणि माझ्या मते नाही द्यायची. जिने निवडायचं ती टाके पडलेली, रडवेली, दोन रात्री न झोपलेली बाई आहे, आणि ज्याच्या पोटात जाणार त्याला बोलताच येत नाही. चॉइस चॉइस काय करताय.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत याच मार्केटिंगवरची आचारसंहिता मतदानाला आली तेव्हा ११८ देश बाजूने आणि विरोधात एकटी अमेरिका. आपण पुढे त्या आचारसंहितेवरून १९९२ चा हा कायदा केला, १ ऑगस्ट १९९३ पासून लागू, २००३ मध्ये दुरुस्ती करून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं दूध आणि खाणं सगळं त्यात आणलं. आणि यात आपल्या महाराष्ट्राचा बराच हात आहे बरं का. स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ मध्ये वर्ध्यात सुरू झाली, कायदा मोडणाऱ्यांविरुद्ध तक्रार करायचा अधिकार सरकारने तिला दिलाय. सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. म्हणजे कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ आहे आणि आईला दूध नाहीये तर पुढची पायरी थेट डबाच असं नाही, आधी आईचं काढलेलं दूध, मग दुसऱ्या आईचं दान केलेलं, मग डबा. आमच्या पॉश नर्सिंग होममध्ये हे नावसुद्धा कोणी घेतलं नाही.

कायद्यात भोकं आहेत, भरपूर. दंड बघा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजार! जगभरात या धंद्याची वर्षाची उलाढाल ५५ अब्ज डॉलरच्या आसपास आहे आणि आपण पाच हजाराची पावती फाडणार. दुसरं, दोन वर्षांनंतरच्या मुलांच्या पावडरीला हा कायदा लागत नाही, म्हणून तिची जाहिरात जोरात, आणि तिचा डबा रंगाने, अक्षरांनी, लोगोने हुबेहूब लहान डब्याचा मोठा भाऊ. लहान डब्याला काही बोलावंच लागत नाही. तिसरं, मोबाइल. माझी ड्यू डेट एका प्रेग्नन्सी ॲपमध्ये टाकली होती, आठव्या महिन्यापासून मला "न्यूट्रिशन एक्स्पर्ट"चे मेसेज यायला लागले, फ्री वेबिनार, आईपणाच्या टिप्स, शेवटच्या स्लाइडवर कोणाचा तरी लोगो. शॉपिंग ॲपवर कूपन लावलं तर बाकी सगळ्यावर लागतं, या डब्यावर लागत नाही, तेवढा तरी धाक आहे. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने आठ देशांतल्या साडेआठ हजार आयांशी आणि गरोदर बायकांशी बोलून रिपोर्ट काढला, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींपर्यंत कंपन्यांची जाहिरात पोचलेली. आणि २०२४ मध्ये पब्लिक आय नावाच्या स्विस संस्थेने दाखवलं की भारतात विकल्या जाणाऱ्या नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर होती, आणि जर्मनी-ब्रिटनमध्ये तेच बिनसाखरेचं. म्हणून कंपनीवाले जेव्हा म्हणतात आम्ही फक्त माहिती देतो, तेव्हा मला हसू येतं. माहिती द्यायला विकणाराच कशाला हवा?

पण दुसरी बाजूही आहे आणि ती मला खरंच पटते. माझी नणंद इंग्लंडमध्ये आहे, तिथेही लहान बाळाच्या फॉर्म्युलाची जाहिरात बंद आणि डिस्काउंटही बंद. ती म्हणते इथे डबे इतके महाग झालेत की दुकानदार काही ठिकाणी कुलपात ठेवतात, आणि जाहिरातबंदी असली तरी लोक महागडाच घेतात, कारण वाटतं महाग म्हणजे चांगला. तिथल्या स्पर्धा आयोगाने २०२५ मध्ये रिपोर्ट दिला, सगळ्या ब्रँडना पोषणाचे नियम एकच आहेत आणि स्वस्त ब्रँड घेतला तर एका घराचे वर्षाला ३०० पाउंड वाचू शकतात. त्यांनी सुचवलं की हॉस्पिटलात डबे कोऱ्या लेबलचे द्या, आणि लोकांना स्पष्ट सांगा की सगळे सारखेच आहेत. मला हे भारी वाटलं. आपल्याकडे सरकारने हे एक वाक्य डब्यावर छापायला लावलं पाहिजे, की महाग डबा घेतल्याने बाळाला जास्त काही मिळत नाही. ताईंच्या सुनेला "आईचं दूध सर्वोत्तम" यापेक्षा या वाक्याचा जास्त उपयोग झाला असता.

आणि नुसती जाहिरात बंद करून दूध उतरत नाही हेही आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस, २०१९-२१) देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, आणि जन्मल्यावर तासाभरात छातीला लावलेली बाळं किती, तर ४१.८ टक्के. म्हणजे डॉक्टर आहे, सिस्टर आहे, बेड आहे, आणि तो एक तास कोणाचा नाही. पुढे २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून आहे, माझ्यासारखीला मिळाली, ताईंच्या सुनेला कोण देणार, ती महिना-दीड महिन्यात पोळ्या लाटायला गेली. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात पाळणाघर हवं असंही कायदा म्हणतो. आमच्या ऑफिसात पाळणाघर म्हणून जी खोली दाखवतात तिथे जुने प्रिंटर ठेवलेत, मी त्यांच्यामागे खुर्ची टाकून पंप करायचे, दाराला आतून कडी नव्हती. मग उरलेलं डबा करतो. तो डबा वाईट नाही, माझ्या पोराला त्याने धरून ठेवलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. आणि जिला पूर्णच वरचं पाजावं लागतंय, औषधं चालू आहेत, आजारपण आहे, किंवा झेपतच नाही म्हणून, तिने कोणाला उत्तर द्यायची गरज नाही. कायद्याच्या नावाखाली जी हॉस्पिटलं आईला दम देतात आणि कंपनीच्या एमआरला (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हला) चहा पाजतात त्यांना मात्र माझ्याकडून मायनस.

आता घेणार असाल तर कामाच्या गोष्टी. डिलिव्हरीच्या आधीच हॉस्पिटलला विचारा, पाजायला शिकवणारी सिस्टर आहे का आणि रात्री असते का. चिठ्ठी हातात आली तर कारण विचारा, शुगर किती, वजन किती उतरलं, आणि ते फाइलवर लिहून मागा. नुसतं बाळ रडतंय हे कारण नाही. खरंच कारण असेल तर एक मिनिट घालवू नका, लगेच द्या. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात लहान पॅक घ्या. कोणी फुकट डबा, बेबी किट, कूपन हातात ठेवलं तर फोटो काढून बीपीएनआयकडे पाठवा, त्यांच्याकडे तक्रारी घेतात.

आणि सहा महिने झाल्यावर मेडिकलमध्ये स्टेज २ पुढे करतील, आम्ही घेतला नाही. डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या स्टेज १ च वर्षापर्यंत चालतो, बाकी पेज, वरण-भात, नाचणीचं सत्त्व सुरू करा. स्टेज ३ आणि ४ चा तर प्रश्नच नाही, वर्षानंतर घरात येतं तेच पिशवीचं दूध.